डबीवर नावच नाही, मग वाचायचं काय?

मागच्या महिन्यात आमच्या गावात बचत गटांचं प्रदर्शन होतं. पापड, शेवया, गोधड्या, आणि हल्ली सगळीकडं असतात तसे कडुनिंबाचे साबण अन् कोरफडीचं जेल. उद्घाटनाला आलेल्या ताई माईकवर म्हणाल्या की बाजारातला साबण, शाम्पू, पावडर सगळं केमिकल आहे, विष आहे, आपल्या आज्ज्या डाळीचं पीठ लावून आंघोळ करायच्या, त्यांना कधी काय झालं का. पुढच्या रांगेत ज्युनियर कॉलेजचे केमिस्ट्रीचे सर बसले होते, ते उठून म्हणाले, ताई, पाणी पण केमिकलच आहे. टाळ्या दोघांनाही पडल्या. (ताई साठीच्या, केस काळेभोर, पण ते जाऊ द्या.) मग आठ दिवस गावात हेच चालू, हॉटेलात हेच अन् मोबाईलवर पण हेच, आणि माझ्याकडं बीपीची गोळी न्यायला आलेला माणूस विचारतो, काका तुम्ही तर फार्मसीवाले, तुम्हीच सांगा कोण बरोबर.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे, अठरा वर्षं झाली. त्या माणसाला मी हसून टाळलं, पण मला वाटतं ते असं की दोघंही चुकीच्या बांधावर भांडायलेत. केमिकल वाईट का नैसर्गिक चांगलं हा वाद घालून काही हाती लागत नाही, कारण इजा त्या रेषेनं होतच नाही. कुणाच्या वाट्याला कोणती वस्तू येते, ती कितीदा हाताळावी लागते आणि ती कुणी तपासलीय का, यावर सगळं ठरतं. पुण्याच्या मॉलमध्ये पॅराबेन-फ्री, म्हणजे माल टिकवायचं ते केमिकल नसलेला, शाम्पू शोधणाऱ्या बाईची मला फार काळजी नाही, तिचं ती बघून घेईल. काळजी आहे ती तालुक्याच्या पार्लरातून बिननावाच्या डबीतली क्रीम नेणाऱ्या पोरीची आणि दिवसाला पंधरा डोकी काळी करणाऱ्या सलूनवाल्या पोराची. दोन्ही बाजूंचा शेवटचा सल्ला एकच असतो, लेबल वाचून घ्या. डबीवर नावच नाही तर वाचायचं काय?

आता सरांची बाजू आधी घेतो, कारण ती बरीचशी खरी आहे. विष हे मात्रेवर ठरतं ही गोष्ट सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या युरोपातल्या वैद्यानं सांगितली आणि ती आजही खोटी ठरलेली नाही. पॅराबेनच्या नावानं एवढी बोंब आहे, पण युरोपातसुद्धा मिथाइल पॅराबेन ०.४ टक्क्यांपर्यंत चालतं, आणि ते घालतात कशासाठी तर मालात जंतू वाढू नयेत म्हणून. त्या प्रदर्शनातलं कोरफडीचं जेल मी घेतलं होतं, आमच्याकडच्या उन्हात तिसऱ्या आठवड्यात झाकण काढलं तर वर काळे ठिपके अन् आंबूस वास. ते डोळ्याला लावलं असतं तर? मोबाईलवर फिरतं की युरोपात तेराशेवर केमिकल बंद आहेत आणि अमेरिकेत फक्त अकरा, हेही अर्धवट आहे, कारण त्या तेराशेत कितीतरी अशी आहेत की शहाणा सोडा, येडा माणूससुद्धा ती क्रीममध्ये घालणार नाही. आणि २०२२ मध्ये अमेरिकेत केस सरळ करायच्या केमिकलवर जो अभ्यास आला, जवळपास ३४ हजार बायकांचा, त्याची बातमी आपल्याकडं गर्भाशयाचा कॅन्सर दुप्पट अशी आली. आकडे बघितले तर सत्तर वर्षं वयापर्यंतची शक्यता न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. दुप्पट म्हटलं की माणूस हबकतो, शंभरात दोनाऐवजी चार म्हटलं की ऐकून तरी घेतो.

पण सर इथं थांबतात आणि माझं भांडण इथूनच सुरू होतं. त्याच अभ्यासात अजून एक आकडा आहे, वर्षभरात असं केमिकल वापरलेल्या बायकांत जवळजवळ ६० टक्के काळ्या बायका होत्या. का? त्यांच्या केसांना कुरळं म्हणून ऑफिसात, शाळेत नाकं मुरडली जातात म्हणून. म्हणजे मात्रा प्रयोगशाळेत ठरते आणि ती कुणाच्या डोक्यावर पडणार हे समाज ठरवतो. आपल्याकडं केसाच्या जागी कातडीचा रंग घाला, हिशोब तोच. सोयरीक बघायला आलेली मंडळी चहा पिऊन जातात आणि निरोप येतो, मुलगी छान आहे पण जरा सावळी आहे. उन्हात कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडायला जाणाऱ्या घरातली पोरगी सावळी नसणार तर काय असणार? ती मग क्रीम शोधते, आणि तिच्या खिशात बसणारी, पंधरा दिवसांत गोरं करणारी जी क्रीम असते ती नेमकी तीच असते जिच्यात पारा असायची शक्यता जास्त.

पारा काय करतो, तर कातडीचा रंग तयार करणारं जे एन्झाइम आहे त्यालाच अडवतो. म्हणून गुण लवकर येतो, आणि गुण येतो म्हणून एकीची डबी चौघीत फिरते. मग तो शरीरात जाऊन किडनीची चाळणी खराब करतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांकडं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजाराचे २२ पेशंट आले, त्यातल्या १५ जणांचा प्रकार एरवी दुर्मिळ असणारा होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं व्हायची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. केरळ लांब वाटत असेल तर आमच्या हिंगोलीला लागून वाशिम अन् त्याच्या पुढं अकोला, तिथल्या एकाच घरातल्या तिघींची किडनी बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती, क्रीम पार्लरमधून आणलेली, आणि त्यात पारा आहे हे कळलं ते मुंबईच्या केईएममध्ये.

आपल्या कायद्यात मात्रा लिहिलेली नाही असं नाही. २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स सांगतात की क्रीमसारख्या मालात नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या वर नको, म्हणजे टनाला एक ग्रॅम. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्येच मान्यता दिलीय. तेव्हा सरांचं तत्त्व कागदावर आहेच, माझा प्रश्न एवढाच की पार्लरातल्या डबीची मात्रा मोजली कुणी? जपानमधल्या ज्या गावाचं नाव त्या कराराला दिलंय त्या मिनामातात काय झालं ते बघा. कारखान्याचा पारा खाडीत, खाडीतून माशात, माशातून कोळ्यांच्या घरात. १९५६ मध्ये रोगाची सरकारी नोंद झाली, आणि कारण हे कारखान्याचं पाणीच आहे असं जपान सरकारनं म्हणायला १९६८ उजाडलं. बारा वर्षं पुरावा पुरेसा नाही, पुरावा पुरेसा नाही, हेच चाललं, आणि त्या बारा वर्षांत गावातले लोक रोगी घरांशी बोलायचे बंद झाले, जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

आता ताईंकडं येतो. कंपन्यांवर त्यांचा विश्वास नाही यात मला काही वावगं दिसत नाही, विश्वास ठेवावा असं फारसं काही कंपन्यांनी केलेलं पण नाही. पण आज्जीचं सगळं चांगलं हे कुठून आलं? मारुतीला लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुना दगडी सुरमा म्हणजे शिशाचाच सल्फाइड, तो आमच्याकडं सगळ्या जातीधर्माच्या घरात लेकरांच्या डोळ्यात घातला जायचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत २०१७ मध्ये सिंदूर तपासला, त्यात भारतातून आणलेल्या २३ नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिसं तिथल्या २० पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. कुंकवाचं तर अजून वेगळंच. खरं कुंकू हळदीपासून होतं, हळकुंडाला लिंबू अन् टाकणखार लावून. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचे बोर्ड लागले, आणि त्याच हळदीच्या पट्ट्यातल्या बायका कपाळाला जी दहा रुपयांची पुडी लावायलेत ती ओल्या हातावर घेऊन बघा, गुलाबी रंग चार दिवस निघत नाही. हळद असा रंग देत नाही.

टिकलीची गोष्ट मला घरातून माहीत आहे. माझी आत्या आधी मेण लावून त्यावर कुंकू लावायची, मग पाकिटातली चिकटायची टिकली आली, सोपं काम, घामानं ओघळत नाही. चार-पाच वर्षांत तिच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध पांढरा डाग पडला, बरोबर टिकलीएवढा, गोल, कंपासनं काढल्यासारखा. तो झाकायला ती अजून मोठी टिकली लावायची, डाग तेवढा वाढायचा. गावात कुजबुज की कोड आहे, आणि कोड म्हटलं की आमच्याकडं ते रक्तात आहे असंच धरतात, तिच्या पोरीची ठरत आलेली सोयरीक त्यावरून फिसकटली. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचा पदार्थ असतो, तो काही जणींच्या कातडीतल्या रंगाच्या पेशीच मारून टाकतो, आणि हे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये छापलेलं आहे. आत्यानं काय करायला पाहिजे होतं, सांगा? लेबल वाचायचं? टिकलीच्या पाकिटावर गोंदात काय आहे ते छापलेलं कुणी पाहिलंय? का टिकली लावायचीच नाही, नवरा जिवंत असताना, आमच्या गावात? गोंद बदलणं हे कारखान्यातल्या एका माणसाचं एका दिवसाचं काम होतं. ते नाही झालं म्हणून एका बाईची वीस वर्षं पदर पुढं ओढण्यात गेली.

काळ्या मेहंदीबद्दल तर हसावं का रडावं कळत नाही. खरी मेहंदी काळी होतच नाही, ती नारंगी-तपकिरी होते. दहा मिनिटांत काळं होतं ते पीपीडीनं, म्हणजे पॅराफेनिलीनडायमाइननं, पुडीवर हर्बल लिहिलेलं असो का झाडाचं पान छापलेलं असो. १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत याच पीपीडीचा पापण्या काळ्या करायचा रंग निघाला होता, लॅश ल्यूर नावाचा. बायका आंधळ्या झाल्या, एक मेली. त्यानंतर १९३८ मध्ये तिथं सौंदर्यप्रसाधनं पहिल्यांदा केंद्राच्या कायद्याखाली आली, आणि गंमत बघा, त्याच कायद्यात केसांच्या डांबरी रंगांना (कोळशाच्या डांबरापासूनचे, पीपीडी त्यातलाच) सूट मिळाली, पुडीवर ताकीद छापली की झालं. आपल्याकडं १९४० चा कायदा फक्त औषधांचा होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात १९६२ च्या दुरुस्तीनं आली, आणि तीच ताकीद आली. भुवया-पापण्यांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, आधी कानामागं लावून चोवीस तास बघावं, आणि हे इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापावं असा नियम आहे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या डोळ्यांची ताकीद आमच्या सलूनच्या फळीवर पडलेली आहे, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि पोरगं त्याच पुडीनं गिऱ्हाईकाच्या मिशा रंगवतंय. चोवीस तास? लग्नाच्या सकाळी बारा जण लायनीत बसलेले असतात.

इथं कुणीतरी म्हणणारच की मग सगळं बंद करा, हातावर पोट असणाऱ्यांचं काय व्हायचं ते होऊ द्या. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पार्लर हा आमच्याकडं बाईला घरात बसून, कुणाच्या शेतात न जाता चार पैसे मिळवून देणारा धंदा आहे, आणि सलून तर कित्येक घरांचं एकमेव साधन. पण धंदा बंद करा असं म्हणतंय कोण? कॅलिफोर्नियात नखं रंगवायच्या दुकानांत बहुतेक व्हिएतनामी बायका काम करतात, त्यांच्यासाठी २००५ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन एक गट केला, मागणी होती कमी विषारी रंगाची, हवा खेळती ठेवायची, हातमोज्यांची. दुकानं आजही चालू आहेत. आणि त्याच राज्यातल्या सालिनासचा प्रयोग तर आमच्याकडं प्रत्येक कॉलेजात सांगायला पाहिजे, सालिनास म्हणजे शेतमजुरांचा भाग, आपल्यासारखाच. तिथल्या १०० शाळकरी पोरींनी तीन दिवस नेहमीचा माल सोडून पॅराबेन, थॅलेट (सुगंधी मालात असतं), ट्रायक्लोसान (जंतू मारायला घालतात) नाही असं लेबल असलेला माल वापरला, आधी अन् नंतर लघवी तपासली, २०१६ मध्ये निकाल छापून आला. मिथाइल पॅराबेन सुमारे ४४ टक्क्यांनी उतरलं, ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी. तीन दिवसांत! आता ताई म्हणतील, बघा, निवड केली की झालं. थांबा जरा. त्याच पोरींच्या अंगात दोन पॅराबेन उलटी वाढली, इथाइल आणि ब्युटिल. लेबल वाचून, शास्त्रज्ञांनी निवडून दिलेला माल वापरून. मग आमच्या मानवतच्या, जिंतूरच्या बाजारात फळीवरचा माल हातात घेणाऱ्या पोरीनं आणखी काय वाचायचं राहिलंय?

माझा हात यात कसा आहे ते पण सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या घरचं उणंदुणं होईल. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तीन औषधांची ट्यूब असते, चेहऱ्यावरच्या वांगासाठी, डॉक्टरनं बघून थोडे आठवडे द्यायची. त्यातलं मोमेटासोन स्टेरॉइड आहे. मार्च २०१८ मध्ये सरकारनं अशा स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. त्याआधी आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही बरीच वर्षं मी ती विकली, कारण पोरी यायच्या आणि ट्यूबचं नाव नाही तर रंग सांगायच्या, "काका ती गुलाबी डब्ब्यातली द्या, गोरं व्हायची." एक जण दीड वर्ष नेत होती. शेवटी आली तेव्हा गालावर लाल जाळं, हनुवटीवर लव, आणि म्हणाली एक दिवस नाही लावली तर तोंड भाजल्यावानी आग होती. कातडीचे डॉक्टर त्याला नाव पण देतात, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. त्या दिवसापासून मी चिठ्ठी मागतो. मी चिठ्ठी मागितली की ती समोरच्या दुकानात जाते. माझ्या एकट्याच्या शहाणपणानं गावात एक ट्यूब कमी खपत नाही, आणि म्हणूनच मला वैयक्तिक निवडीचं हे कौतुक आता सहन होत नाही.

औषध विकायला मला लायसन्स लागतं, फार्मासिस्ट लागतो, इन्स्पेक्टर येऊन फ्रिजचं टेम्परेचर बघतो. क्रीम विकायला कुणालाच लायसन्स लागत नाही. बनवायला लागतं, विकायला नाही. त्यामुळं होलसेलच्या बाजारातून बिनबिलाची क्रीम पोत्यात येते, इथं डब्यांत भरली जाते आणि ती कुणाच्या रस्त्यातच येत नाही. तपासणीचा वेग म्हणाल तर जॉन्सनच्या बेबी पावडरची केस आठवा. डिसेंबर २०१८ मध्ये नमुने घेतले, २०१९ मध्ये पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, जास्त असल्याचा रिपोर्ट आला, राज्याच्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनानं, लायसन्स रद्द केलं सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टानं तो आदेशच रद्द केला, एवढा उशीर आणि एवढी टोकाची कारवाई कशासाठी म्हणून. नंतरचे नमुने पास पण झाले होते. त्यात कंपनी बरोबर का एफडीए बरोबर यात मला पडायचं नाही. पण नाव-पत्ता-बॅच नंबर छापलेल्या, लेकरांना लावायच्या पावडरीच्या एका नमुन्याला चार वर्षं लागत असतील तर माळेगावच्या जत्रेत पाटीवर विकल्या जाणाऱ्या डबीचा नंबर कधी लागणार? मला हवंय ते फार नाही. वर्षातून दोनदा प्रत्येक तालुक्याच्या बाजारातून आणि पार्लरातून क्रीम, टिकली, कुंकू, कलप उचला, पारा आणि शिसं बघा, आणि निकाल मराठीत, नावानिशी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. माल कुठून आला ते पार्लरवालीला नाही, तिला देणाऱ्या होलसेलवाल्याला विचारा. किडनीच्या पेशंटला डायलिसिसला पाठवताना डॉक्टरांनी कोणती क्रीम लावता एवढा एक प्रश्न विचारावा. यात कुठं केमिस्ट्रीच्या सरांचा पराभव होतो का ताईंचा? दोघांनी मिळून तहसीलला एक अर्ज दिला असता तर आठ दिवसांच्या वादापेक्षा बरं झालं असतं.

परवा बसस्टँडमागच्या सलूनमधला पोरगा आला, विशीचा असेल. बोटं दाखवली. नखं काळी, बोटांच्या बेचक्यात कातडी फाटून लाल, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. "काका, खाजीची ती मागची ट्यूब द्या." मागची ट्यूब म्हणजे स्टेरॉइडच, कुणी दिली होती तर मीच. म्हटलं अरे ही काळ्या मेहंदीची ॲलर्जी आहे, हातमोजे घाल, शंभराचं पाकीट आहे माझ्याकडं, मी स्वस्तात देतो. तो म्हणाला, "घालून बघितले की काका. गिऱ्हाईक म्हणतंय, का रे, तुला काय रोग हाय का?" मी ट्यूब दिली नाही, कातडीच्या डॉक्टरकडं जा म्हणून परभणीचा पत्ता लिहून दिला आणि तोवर लावायला व्हॅसलीनची डबी दिली. त्यानं डबी फिरवून चारी बाजूंनी बघितली, सगळं इंग्रजीत होतं, मग पत्त्याच्या कागदात गुंडाळून खिशात टाकली आणि बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून पळाला, दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं.